सल्ला देणाऱ्यानं पैसा सांभाळू नये

माझे मालक चुडाव्याच्या स्टेशनवर मालबाबू होते. सरकीची पोती, गुळाच्या ढेपी, कापसाच्या गाठी यांची वजनं लिहायची, पावत्या फाडायच्या, हे त्यांचं काम. तीन दिवसांच्या तापात ते गेले. मी तेवीस वर्षांची होते आणि मुलगी चार वर्षांची. रेल्वेचं क्वार्टर महिनाभरात रिकामं करायला सांगितलं. पालमहून माझा थोरला भाऊ आला. दादा म्हणायचे मी त्याला. दादानं आम्हा दोघींना आणि सामानाला गंगाखेडपर्यंत रेल्वेनं आणलं आणि तिथून पुढं बैलगाडीनं माहेरी.

तोवर पैसा म्हणजे काय ते मला ठाऊक नव्हतं. पगाराच्या दिवशी मालक पैसे पेटीत ठेवत आणि किल्ली कडदोऱ्याला बांधत. भाजीला चार आणे लागले की मी मागायची, ते द्यायचे. त्यांनी कधी नाही म्हटलं नाही, म्हणून पेटीत किती आहेत हे विचारायची मला कधी गरजच पडली नाही.

चौदावा झाल्यावर आठ-दहा दिवसांनी माझे थोरले दीर पालमला आले. ते ओसरीवर दादाजवळ बसले आणि मी दाराआड उभी राहिले. त्यांच्यासमोर यायची आमच्यात रीत नव्हती. त्यांनी एक उर्दूत लिहिलेला कागद आणला होता. ते दादाला म्हणाले, "तिला म्हणावं, यावर सही कर. म्हंजे रेल्वेकडं अडकलेले पैसे मिळतेत."

तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की मालकांच्या पगारातून दरमहा काही कापून रेल्वे ठेवत होती आणि आता ते सगळे मिळून अकराशे रुपये हाली होणार होते. आमच्याकडं तेव्हा निजामाचा हाली रुपया चालायचा आणि हद्दीपलीकडं इंग्रजांचा कलदार. अकराशे हा आकडा दादानं पुन्हा एकदा विचारून घेतला. त्याची सगळी जमीन मिळून वर्षाला एवढं पिकत नव्हतं.

मला मराठी चौथीपर्यंत शिकवलं होतं, सही येत होती. पण उर्दू येत नव्हतं, आणि दादाला तर अक्षरच येत नव्हतं. मी दाराआडूनच म्हटलं, "आज उपास हाय, उद्या करते." सहीचा आणि उपासाचा काय संबंध, ते मलाही माहीत नव्हतं. पण दिरांनी मानलं आणि ते मुक्कामाला थांबले; कागद दादाजवळ राहिला.

बाजारपेठेत एका लिंगायत वाण्याचं किराणा दुकान होतं. सगळं गाव त्यांना अप्पा म्हणायचं. कपाळाला भस्माचे पट्टे, गळ्यात लिंग, अंगात बाराबंदी, आणि बोलणं कमी. ते उर्दू वस्तानियापर्यंत, म्हणजे मिडल शाळेपर्यंत, शिकलेले होते, म्हणून कचेरीचा कागद आला की लोक त्यांच्याकडून वाचून घेत. माझी त्यांची ओळख एवढीच की लहानपणी मी त्यांच्याकडून मीठ-हळद आणायची. दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडायच्या वेळेला मी पोरीला कडेवर घेऊन गेले आणि कागद त्यांच्यापुढं धरला.

अप्पांनी तो दोनदा वाचला. मग विचारलं, "कुणी दिला ह्यो कागद?"

"थोरल्या दिरानं."

"तुला काय सांगितलं?"

"सही केली की पैसे मिळतेत म्हणले."

"मिळतेत. कुणाला मिळतेत, ते सांगितलं का?"

मी नाही म्हणून मान हलवली. मग त्यांनी एकेक ओळ उर्दूत वाचली आणि तिचा अर्थ मराठीत सांगितला. मी, अमक्याची विधवा, राजीखुशीनं लिहून देते की माझ्या मयत नवऱ्याची रक्कम त्याच्या थोरल्या भावाच्या हाती द्यावी, पुढं माझा काही दावा राहणार नाही.

मला वाटलं अप्पा आता दिराला शिव्या देतील. त्यांनी कागदाची घडी केली आणि माझ्या हातात दिली.

"मंग मी काय करू अप्पा?"

"त्ये मी कसं सांगू, माय? दीर तुझा हाय. वाईट माणूस असंलच असं न्हाई. धाकट्याच्या पैशावर थोरल्याचा हक्क, असंच त्येला वाटत असंल. कागदात काय लिवलंय तेवढं मी सांगितलं. पर सही करायच्या आधी इचार कर. उद्या ह्या पोरीला ताप आला, तर डाक्टराला द्यायला पैसे तू कुणाकडं मागणार? अन् त्यो न्हाई म्हणला तर?"

घरी येईस्तोवर मी पोरीकडंच बघत होते. दुपारी दीर जेवायला बसायच्या आधी मी दाराआडून म्हटलं, "सही मी परभणीला रेल्वेच्या सायबाम्होरं करीन. पैसे माझ्या हातात घेईन."

माझा आवाज एवढा मोठा निघेल असं मलाही वाटलं नव्हतं. दीर उठले. दादाला म्हणाले, "बाईच्या हातात पैसा टिकत नसतो." आणि न जेवता गेले. पुढं दोन वर्षं त्यांनी बोलणं टाकलं. मग एका पोळ्याला पुतणीसाठी परकर-पोलकं घेऊन आले, ते मी ठेवून घेतलं.

परभणीला जाऊन पैसे आणायला दीड महिना गेला. दोन चकरा झाल्या, दोन साक्षीदार न्यावे लागले. पैसे हातात आले तेव्हा दादानं ते धोतराच्या फडक्यात बांधून पोटाशी धरले. परत येताना तो वाटेत पाणीसुद्धा प्यायला उतरला नाही.

पालमला आल्या आल्या मी ते गाठोडं घेऊन अप्पांच्या दुकानात गेले. म्हटलं, "अप्पा, ह्ये तुमच्या तिजोरीत ठेवा. मला लागंल तसं मागीन."

त्यांनी हात पुढं केला नाही. "मी ठेवणार न्हाई."

मला रागच आला. सगळ्या पेठेत त्यांच्याइतका खात्रीचा माणूस नव्हता आणि तेच नाही म्हणत होते. "तुमच्यावर इश्वास हाय म्हणून आले ना?"

"म्हणून तर न्हाई म्हणायलो. आता तू मला इचारायला आलीस तर मी तुला खरं सांगतो. तुझा पैसा एकदा माझ्या गल्ल्यात पडला की माझी जीभ जड व्हती. तुला पैसा काढायचा असंल अन् मला त्यो दुकानात लागत असंल, तर मी तुला काय सांगीन? 'थांब माय, आता काढू नको,' असंच सांगीन. अन् ते तुझ्या भल्यासाठीच सांगायलो असं मला सोतालाच वाटंल."

मग ते स्वतःहून म्हणाले, "माझी माय लवकर रांडवली. तिचा पैसा माझ्या मामाच्या दुकानात व्हता. मामा लय चांगला माणूस. तिला सल्लाही त्योच द्यायचा अन् पैसाही त्योच वापरायचा. दुकान बसलं तवा मामा लहान लेकरागत रडला. पर रडून पैसा येत न्हाई. सल्ला देणाऱ्यानं पैसा सांभाळू नये, अन् पैसा सांभाळणाऱ्याचा सल्ला घेऊ नये. येवढंच मला कळतंय."

त्या दिवशी मला त्यातलं अर्धंच कळलं. उरलेलं कळायला पुढची दहा वर्षं लागली.

तोवर घरी सल्ल्यांचा पाऊस सुरू झाला होता. दादाला वाटायचं नदीकाठची चार एकर घ्यावी. वहिनीला वाटायचं सोनं करावं, सोनं अंगावर राहतं. वहिनीचा भाऊ आला, तो म्हणाला व्याजानं लावा, मी लावून देतो. कुणाच्याच मनात पाप नव्हतं. पण प्रत्येकाच्या सल्ल्यात त्याचं स्वतःचं काहीतरी होतं. दादाची जमीन त्या चार एकराला लागून होती. वहिनीला माझ्या गळ्यात सोनं हवं होतं, कारण तिच्या लेकीच्या लग्नात ते उसनं मिळालं असतं. हे मी आज लिहिते, तेव्हा मला एवढं स्पष्ट दिसत नव्हतं. अप्पांना दिसत होतं, पण त्यांनी कुणाचं नाव घेतलं नाही. ते फक्त विचारायचे.

"जमीन कोण कसणार?"

"दादा."

"दादा म्हातारा झाल्यावर?"

मग ते सोन्यावर आले.

"सोनं झिजतंय का?"

"न्हाई."

"वाढतंय का? दूध देतंय का?"

मला हसू आलं. दूध म्हटल्यावर मला आठवलं की मला एक काम येतं. चुडाव्याला क्वार्टरमागं आमची एक म्हैस होती. तिचं दूध, दही, लोणी, तूप सगळं मी करायची, आणि माझ्या तुपाला स्टेशनवरचे लोक पैसे द्यायला तयार असायचे. मालक पैसे घेऊ द्यायचे नाहीत. मी अप्पांना हे सांगितलं. ते पहिल्यांदाच खुलून बोलले. म्हैस कुणाला दाखवून घ्यायची ते सांगितलं. पहिल्या येताची, म्हणजे एकदाच व्यायलेली, घेऊ नको, दुसऱ्या येताची घे, कारण तिचं दूध किती ते गावाला माहीत झालेलं असतं. एकदम दोन घेऊ नको. एक घे, वर्ष काढ, मग दुसरी.

शेवटी असं ठरलं की सातशे रुपये गंगाखेडच्या डाकखान्यात बचतीला ठेवायचे, माझ्या एकटीच्या नावावर. दीडशेच्या आत म्हैस आणि गोठा. उरलेले घरात, पण एका जागी नाही. डाकखान्याचं व्याज कमी आहे, असं वहिनीचा भाऊ हसून म्हणाला. मी ते अप्पांना सांगितलं. ते म्हणाले, "खरंय त्येचं. लय कमी हाय. पर तिथं ठेवलेला पैसा काढाया तुला कुणाची मर्जी धरावी लागत न्हाई. त्येची किंमत धर."

म्हैस आली. पहिलं वर्ष जड गेलं. उन्हाळ्यात कडबा महाग झाला आणि मला वाटलं सगळं सोडावं. दुसऱ्या वर्षी तूप साठायला लागलं आणि मी पहिला डबा घेऊन अप्पांच्याच दुकानात गेले. त्यांनी बोट लावून चाखलं, मान डोलावली आणि म्हणाले, "माझ्याकडं इकू नको."

"आता का?"

"भाव कोण सांगणार? मीच सांगणार, अन् घेणारही मीच. असं कसं चालंल? त्या कोपऱ्यावरच्या मारवाड्याला इक. आज गंगाखेडला काय भाव हाय त्यो मी सांगतो. त्येच्यापरीस दोन आणे कमी द्यायला लागला तर दी, जास्त कमी करत असंल तर डबा उचलून घरी ने."

मी तसंच केलं. मारवाडी चार आणे कमी म्हणाला. मी डबा उचलला. तीन पावलं गेले तोच त्यानं हाक मारली. त्या दिवसाचा आनंद मला अजून आठवतो. पैशाचा नव्हे, डबा उचलायची हिंमत झाली त्याचा.

अप्पांनी माझ्याकडून कधी काही घेतलं नाही. आमच्या घरचं शिजवलेलं ते खात नसत. पण ताक चालायचं. दर सोमवारी मी तांब्याभर ताक नेऊन द्यायची आणि त्याच वेळी काही विचारायचं असेल तर विचारायची. ताक नेलं आणि काहीच विचारलं नाही असेही पुष्कळ सोमवार गेले.

एकदा त्यांचं चुकलंही. बाजाराच्या तोंडाशी एक रिकामी जागा विकायला निघाली. माझ्याकडं तेव्हा दोन म्हशी होत्या आणि हातात थोडे जास्तीचे पैसे होते. मला ती जागा घ्यावीशी वाटत होती. अप्पा म्हणाले, "थांब. मालकाला घाई हाय, अजून खाली येईल." मी थांबले. मालक खाली आला नाही. तिसऱ्या महिन्यात एका सावकारानं ती घेतली, आणि मग जर्मनीची लढाई सुरू झाली, आणि वर्षा-दोन वर्षांत तिथं ओळीनं दुकानं उभी राहिली.

मी त्यांना कधी बोल लावला नव्हता. एक दिवस अप्पा स्वतः चालत आमच्या दारात आले. ते कुणाच्या घरी जात नसत, म्हणून दादा धावत घोंगडी अंथरायला लागला. ते बसले नाहीत. उभ्या उभ्या म्हणाले, "माय, त्या जागेचं माझं चुकलं. मी अंदाज केला, त्यो फसला. तुझं नुकसान झालं." आणि पाणी पिऊन गेले.

दादा म्हणाला, "ह्ये सांगायला येवढ्या लांब आला व्हता म्हातारा?" पण त्या दिवसापासून मी त्यांचं बोलणं जास्तच मानायला लागले. ज्याला आपली चूक दुसऱ्याच्या दारात जाऊन सांगता येते, तो आपलं बरोबर असलेलंही मोठं करून सांगत नाही.

लढाईच्या दिवसांत सगळंच महागलं. कापड तर मिळेना. रेशनच्या दुकानावर लुगड्यासाठी बाया पहाटेपासून उभ्या राहायच्या. तुपाला मात्र भाव चांगला होता आणि माझे डाकखान्यातले पैसे हजाराच्या वर गेले होते. ते गावाला कळलं होतंच.

एका दुपारी अप्पांचा थोरला मुलगा आमच्या गोठ्यात आला. तो माझ्यापेक्षा तीन-चार वर्षांनी लहान, मला आक्का म्हणायचा. पोरगा वाईट नव्हता, घाईचा होता. बापाच्या दुकानात मीठ-मिरची तोलून त्याला कंटाळा आला होता.

"आक्का, सहाशे रुपये पायजेत. चार महिन्यात आठशे करून देतो."

"कशाला पायजेत?"

"हद्दीपल्याड वऱ्हाडात माझा एक दोस्त हाय. तिथून कापड आणायचं. हिकडं दुपटीनं जायलंय. फकस्त अप्पाला सांगू नका."

मी म्हटलं, "दोन दिस दी. सांगते."

त्याला वचन दिलं नव्हतं, पण नाहीही म्हटलं नव्हतं. दोन दिवस माझं कशात लक्ष लागेना. ज्या माणसानं सात-आठ वर्षं मला वाट दाखवली त्याच्या लेकाला सहाशे रुपये नाही म्हणायचे, हे मला बेइमानीचं वाटत होतं. आणि विचारायचं तर कुणाला? ज्यांना विचारायची सवय होती, त्यांच्याच घरची गोष्ट होती.

सोमवार आला. ताक घेऊन गेले. दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. म्हटलं, "अप्पा, एक माणूस सहाशे मागायलाय. पल्याडून कापड आणायचं म्हणतो."

"करोडगिरीची पावती राहणार का?" करोडगिरी म्हणजे निजामाचा जकात नाका. हद्दीवरून माल आणायचा तर तिथं पैसे भरून पावती घ्यावी लागायची, आणि कापडाला तर त्या काळात परवानाच लागायचा.

"त्यानं सांगितलं न्हाई."

"म्हंजे न्हाई. माणूस कोण?"

मी तांब्याकडं बघत राहिले. अप्पांनी माझ्याकडं पाहिलं, मग आतल्या दाराकडं पाहिलं, जिथून त्यांच्या घरात जायचं.

"मपलाच पोरगा हाय ना?"

तेवढ्यात एक म्हातारी गूळ घ्यायला आली. अप्पांनी गूळ फोडला, तोलला, एक खडा वर टाकला, कागदात बांधून दिला. म्हातारी गेली. ते हात पुसत माझ्याकडं वळले.

"दिऊ नको."

"अप्पा, तुमी..."

"त्यो कापड आणंल. एकदा आणंल, दोनदा आणंल. मंग नाक्यावर धरतेल. त्येच्याकडून तुझे पैसे वसूल व्हनार न्हाईत, अन् तू मला मागणार न्हाईस. मला ठावं हाय, तू मागणारच न्हाईस. सहाशे जातेल तुझे."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी विचारलं, "ह्ये तुमी बाप म्हणून सांगायलाव का?"

"बाप म्हणून सांगायचं असतं तर दी म्हणलो असतो," अप्पा म्हणाले.

मी मुलाला नाही म्हटलं. कारण सांगितलं नाही. तो समजला. माझ्याकडं बघून म्हणाला, "म्हातारा आड आला वाटतं," आणि गेला. त्यानं दुसऱ्याकडून पैसे घेतले. पहिली खेप चांगली झाली. बायकोला पैंजण केले. बाजारात मला दिसला की मुद्दाम मोठ्यानं हसायचा. मला एकदा वाटलंही की जागेसारखाच अप्पांचा हाही अंदाज चुकला. तिसऱ्या खेपेला नाक्यावर गाडी अडवली, सगळं कापड जप्त झालं आणि त्याला पंधरा दिवस कोठडीत काढावे लागले. ज्याचे पैसे घेतले होते तो माणूस अप्पांच्या दारात येऊन बसला. अप्पांनी दुकानातला अर्धा माल आणि बायकोच्या पाटल्या विकून त्याचे पैसे दिले.

त्यानंतरच्या सोमवारी ताक घेऊन जायला माझे पाय उचलेनात. माझे सहाशे डाकखान्यात सुखरूप होते आणि ज्यांनी ते राखले त्यांच्या दुकानात फळ्या रिकाम्या होत्या. जाऊन म्हटलं, "अप्पा, आता तुमाला काही पैसे पायजेत का?"

"न्हाई."

"मी आपणहून देते."

"आपणहून दिलेलेच बुडतेत," ते म्हणाले.

मग मी घरी येऊन चार दिवस विचार केला. पैसा त्यांच्या घरात द्यायचा नव्हता, ते घेणारही नव्हते. पण त्यांच्या सुनेला दोन लहान लेकरं होती. माझ्याकडं तेव्हा तीन म्हशी होत्या. मी दुपारी मागच्या दारानं सुनेकडं गेले आणि म्हटलं, "माझ्यानं तिघींचं व्हत न्हाई आता. एक म्हैस तू संभाळ. वैरण तू घाल. दूध-तूप जे निघंल ते निम्मं तुपलं, निम्मं मपलं. म्हैस माझीच राहील."

हे खोटं नव्हतं. तिघींचं खरंच होत नव्हतं. आमच्याकडं जनावर असं निम्म्यानं द्यायची रीत होतीच. सुनेनं सासऱ्याला विचारते म्हटलं. संध्याकाळी अप्पांनी मला बोलावून घेतलं.

"ह्ये कुणी सुचवलं तुला?"

"कुणी न्हाई."

त्यांनी बोटांवर हिशेब केला. मग म्हणाले, "म्हैस तुझी राहती, म्हंजे मुद्दल सलामत. दूध दिलं तर दोघीला, न्हाई दिलं तर दोघीला न्हाई. ह्ये माझ्या डोक्यात आलं नसतं, माय."

त्यांनी माझं कौतुक केलं असं हे एकदाच.

लढाई संपल्यावर दुसऱ्या वर्षी, थंडीत, अप्पा गेले. त्यांच्यात बसवून नेतात. अंगाला भस्म लावून, गळ्यात लिंग तसंच ठेवून, पालखीसारख्या मखरात बसवून त्यांना नेलं, आणि बसवूनच पुरलं. मी बायकांत मागं उभी होते. मुलगा पुढं चालत होता. पाच-सहा महिने झाले असतील, तोच मुलगा एक दिवस माझ्या गोठ्यात आला आणि म्हणाला, "आक्का, तवा तुमी दिले न्हाईत ते बरं केलं. न्हाईतर आज तुमच्याकडं तोंड घेऊन आलो नसतो." दुकान तो आता नीट बघत होता. छोटं झालं होतं, पण चालत होतं.

पुढं निजामाच्या राज्याचं शेवटचं वर्ष आलं. गावोगाव धाक बसला. रझाकार अमक्या गावात आले, तमक्या गावात जाळलं, अशा बातम्या रोज. लोक बैलगाड्या भरून हद्दीपलीकडं वऱ्हाडात निघाले. दादा म्हणाला आपणही जाऊ, वहिनीच्या माहेरचे तिकडं आहेत. आणि म्हणाला, "डाकखान्यातले समदे पैसे काढ. सरकारच गेलं तर तुझं बुक कोण मानणार?"

विचारायला कुणी नव्हतं. पेठेत एक जण म्हणायचा सगळं काढा, दुसरा म्हणायचा काढलं तर वाटेत लुटतील. दोघांचंही खरं वाटायचं. मी दोन दिवसांनी गंगाखेडला जाऊन निम्मे काढले. त्यातले थोडे बट्टा, म्हणजे बदलीची तूट, देऊन कलदार करून घेतले, कारण पलीकडं हाली कुणी घेत नव्हतं. निम्मे डाकखान्यात तसेच ठेवले. दादा चिडला. मी म्हटलं, "गेले तर निम्मे जातेल, ऱ्हायले तर निम्मे ऱ्हातेल." तो म्हणाला ही काय अक्कल झाली. मला तरी यापेक्षा मोठी अक्कल सुचत नव्हती. दोन म्हशी विकल्या, पडत्या भावात. तिसरी, अप्पांच्या सुनेकडची, तिथंच राहू दिली. तो मुलगा गाव सोडणार नव्हता.

वऱ्हाडात पाच महिने काढले. कलदार जपून वापरले, तरी संपत आले. भादव्यात निजामाचं राज्य गेलं आणि दसऱ्याच्या आसपास आम्ही परत निघालो. दादाच्या घराचं एक दार कुणी काढून नेलं होतं, बाकी घर होतं. गंगाखेडच्या डाकखान्यात कारकून तोच होता. त्यानं माझं बुक पाहिलं, खातं पाहिलं, आणि मान वर न करता आकडा सांगितला. पै न् पै होती. वरचं थोडं व्याजसुद्धा. आत एक जण म्हणाला, काही दिवसांनी हालीचं काय होईल सांगता येत नाही. मी म्हटलं तेव्हाचं तेव्हा बघू.

पालमला आल्यावर तिसऱ्या दिवशी अप्पांचा मुलगा डोक्यावर एक डबा घेऊन आला. मागून त्याची बायको दुसरा घेऊन आली.

"पाच महिन्याचं तुमचं निम्मं," तो म्हणाला. "दोन डबे तूप हाय. अजून एक व्हता, त्यो श्रावणात इकला, कडबा नव्हता म्हणून. त्येचे पैसे ह्ये."

मी म्हटलं, "आरं, जीव वाचला का न्हाई ते सांग आधी."

तो हसला. "जीव हाय म्हणून तर तूप हाय."

सून ओसरीवर बसली. मी चहा टाकला. माझी मुलगी तेव्हा पंधराची झाली होती आणि वऱ्हाडात पाच महिने तिची शाळा बुडाली होती. परभणीला मुलींच्या शाळेत तिला घालायचं आणि तिथंच एक खोली बघायची, हे माझ्या मनात बरेच दिवस होतं. मी तो विषय काढला. सून म्हणाली, परभणीत तिची मावशी असते, बायकामाणसांना राहायला चांगली गल्ली आहे, भाडं विचारून सांगते. मुलगा म्हणाला, "भाडं मी इचारतो. मावशीच्या घरी खोली रिकामी हाय, म्हणून ती तिथंच ऱ्हा म्हणल."

सून त्याच्याकडं डोळे मोठे करून बघायला लागली. मला हसू आवरेना. शेवटी आम्ही दोन घरं बघितली. मावशीचं नाही घेतलं, शाळेजवळचं घेतलं. दिवाळी झाल्यावर मुलीचं नाव शाळेत घातलं आणि त्या तुपातला एक डबा परभणीच्या बाजारात चांगल्या भावानं गेला.